लाव्हा वळवावाच, पण खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं चिपळूण बुडालं, तेव्हापासून घरी फोन लावला की वाद ठरलेला: वाशिष्ठीतला गाळ उपसायचा, की माणसांनीच हलायचं? "नदी तिच्या जागेत आली, आडवे आपण आलो," हे मामांचं म्हणणं. मी आइसलंडमध्ये केफ्लाविकला राहते. इथे हाच वाद लाव्हावरून चालतो.

ज्वालामुखी फुटण्याच्या भीतीने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ३,८०० वस्तीचं ग्रिंडाविक हे मच्छीमारांचं गाव रिकामं केलं आणि पाठोपाठ बुलडोझर लागले. आधी स्वार्ट्सेंगीच्या भूऔष्णिक वीजकेंद्राभोवती, मग गावाभोवती दगडमातीचे उंच बांध चढले. १४ जानेवारी २०२४ ला बांधाने मोठा लोंढा बाजूला काढला, पण दुसरी भेग बांधाच्या आतच फुटली आणि तीन घरं जळाली. ८ फेब्रुवारीला लाव्हाने याच केंद्रातून येणारी, आमची घरं तापवणाऱ्या गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली. बाहेर कडाक्याची थंडी, रेडिएटर गारठलेले, वीजही जपून वापरायची. मुलांना स्वेटर-टोप्यांसकट झोपवलं. निसर्गाच्या आड येऊ नये, असं त्या रात्री कुणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

मात्र वळवलेला लाव्हा कुठेतरी जातोच. १६६९ मध्ये इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उद्रेकात कातानिया शहराचे लोक ओली कातडी पांघरून प्रवाहाचा काठ फोडायला गेले, तेव्हा लोंढा आपल्यावर येईल या भीतीने जवळच्या पातेर्नो गावच्या लोकांनी त्यांना पिटाळून लावलं. पातेर्नोकरांचं काय चुकलं?

म्हणून मला इथल्या बांधांपेक्षा कायदा मोलाचा वाटतो. गाव रिकामं झाल्यावर काही दिवसांतच संसदेने बांधांच्या खर्चासाठी देशभरच्या घरमालकांवर छोटा कर बसवला. ज्यांच्या दारात लाव्हा कधीच येणार नाही, त्यांच्यावरही तो लागला. पुढच्या फेब्रुवारीत ग्रिंडाविकची घरं विमामूल्याच्या ९५ टक्के दराने विकत घ्यायचा कायदा झाला.

चिपळुणात मात्र आधी पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी पूररेषा आली. बाजारपेठेत बांधकामावर निर्बंध आले आणि गाळ काढावा म्हणून लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. कोयनेवर वीज तयार झाली की ते पाणी वाशिष्ठीतच सुटतं. वीज सगळं राज्य वापरतं. मग नदी मोकळी ठेवण्याचा आणि हलणाऱ्यांना घरदुकानाची किंमत देण्याचा भार राज्यभर का वाटू नये? मामा म्हणतात तसं दुकान हलवावंही लागेल. पण पूररेषा आखतानाच त्याचा मोबदलाही ठरायला हवा होता.