पाणी कुठवर आलंय ते कोण सांगणार?

काल संध्याकाळी तालमीजवळच्या कट्ट्यावर टीव्हीच्या बातम्यांचा विषय निघाला तो नऊ वाजले तरी संपेना. सुरुवात मास्तरांची. आताच्या बातम्या ऐकवत नाहीत म्हणाले, बातम्या म्हणजे प्रदीप भिडे. मुंबई दूरदर्शन 1972 ला सुरू झालं, तिथं स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांनीपण बातम्या वाचल्यात, आवाज न चढवता, एकेक अक्षर स्पष्ट. "आणि आपल्या केबलवरचं ते पोरगं? 'पाणी'ला 'पानी' म्हणतंय."

इथं मला राहवलं नाही. म्हटलं मास्तर, भिड्यांच्या आवाजाबद्दल वादच नाही, पण त्याच पोरानं 2019 ला माझ्या बहिणीचा संसार वाचवलाय. ती राहते कुंभार गल्लीत. ऑगस्टचा पहिला आठवडा, मोठ्या चॅनेलवर दिवसभर एकच पट्टी, कोल्हापूर पाण्याखाली. अरे पण कुठलं कोल्हापूर? आणि हे पोरगं गुडघाभर पाण्यात उभं राहून सांगतंय की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी एवढी झाली, जामदार क्लबपाशी पाणी आलंय, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्यात, अजून चढणार. आपल्याकडं 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका हे शेंबड्या पोराला पाठ आहे, त्यामुळं आकडा कळला की माणूस स्वतःच ठरवतो सामान कधी हलवायचं. आम्ही रात्रीच फ्रीज, धान्य, पोरांची दप्तरं वर नेली. नंतर पातळी 55 च्या वर गेली, शिरोलीला हायवे बंद पडला, तेव्हा मुंबईची गाडी गावात येणार तरी कुठनं?

पिंट्या म्हणाला, "भावा, तेव्हा लाईट होती का? टीव्ही बघितलास कुठं?" बरोबर आहे त्याचं. शेवटचे दिवस आम्ही सगळं मोबाईलवरच बघितलं. पण क्लिप कुणाच्या होत्या? त्याच पोरांच्या, एक कॅमेरा, एक बूम माईक आणि मोटरसायकल.

मग दाजी बोलले, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पूर वर्षातनं चार दिवस, बाकी वर्षभर केबलच्या बातम्यांत काय असतं? वाढदिवसाच्या शुभेच्छा, उद्घाटनं, नेत्यांनी पाठवलेली प्रेसनोट जशीच्या तशी. जाहिरात देणाऱ्याच्या विरुद्ध बातमी लागत नाही. आपल्या गल्लीतला नाला एका बिल्डरनं भर टाकून अरुंद केलाय, पावसाळ्यात पाणी घरात येतंय, दोनदा फोन केला, कुणी आलं नाही. पिंट्यानं भर घातली की म्हणूनच 2007-08 ला स्टार माझा, झी 24 तास, आयबीएन लोकमत आल्यावर लोक तिकडं गेले, निदान मंत्र्याला प्रश्न तरी विचारतात.

मी म्हटलं विचारतात, पण आपल्या नगरसेवकाला कोण विचारणार? ते मुंबईवाल्यांचं कामच नाही. आणि दाजी, मोठ्या चॅनेलच्या अँकरला तुम्ही कुठं गाठणार? हे पोरगं रोज सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला असतंय. त्याच्या तोंडावर सांगता येतं की बाबा तू ही बातमी का लावली नाहीस. त्यालापण लाज वाटते, कारण त्याची आई आपल्याच बाजारात भाजी घेते.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले फोनवर नको, लेखीच द्यायचं, नाल्याचे फोटो लावून, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. पिंट्या फोटो काढणार. अर्ज लिहायचं काम मास्तरांनी स्वतःहून घेतलं, म्हणाले मराठी शुद्ध पाहिजे, म्हणजे त्याला तसंच वाचून दाखवता येईल. उद्या अकराला चालतच जायचं ठरलंय, केबलवाल्यांचं ऑफिस बसस्टॉपच्या मागंच आहे.