साच्यामुळे वेळ वाचतो: म्युझिक व्हिडिओवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

म्युझिक व्हिडिओंवरच्या माझ्या लेखावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिल्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. म्युझिक व्हिडिओत गोष्ट नसतेच, आवाज बंद करून पाहिलं तर सुटे तुकडे उरतात. लेखात ज्याला ‘संकेत’ म्हटलं आहे, म्हणजे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेल्या खुणा, ते घासून गुळगुळीत झालेले साचे आहेत आणि चांगल्या दिग्दर्शकाने ते टाळले पाहिजेत. शिवाय गोष्ट जरा रंगात आली की गायक मध्येच येऊन ओठ हलवतो आणि सगळ्याचा विचका होतो. शेवटच्या आक्षेपात बरंच तथ्य आहे. साच्यांबद्दलचा मात्र मला अजिबात मान्य नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी हिशोब मांडू. चार मिनिटांचं गाणं, मिनिटाला 100 ठोक्यांची लय, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रं. एक ठोका 15 फ्रेमचा झाला, चार ठोक्यांचं आवर्तन 60 फ्रेमचं, म्हणजे 2.4 सेकंदांचं. अख्ख्या गाण्यात अशी 100 आवर्तनं. आवर्तनाला सरासरी एक शॉट धरला आणि त्यातले निम्मे गायकाला दिले, तर गोष्टीसाठी उरले 50 शॉट. एकूण दोन मिनिटं, आणि बहुतेक वेळा संवाद एकही नाही. पात्र कोण, कुठलं, कशाच्या मागे लागलंय हे सगळं मुळापासून सांगायला घेतलं तर पहिला अंतरा ओळख करून देण्यातच संपेल.

म्हणून संकेत लागतात. कोळीगीताचं उदाहरण घ्या. काष्टा नेसलेली बाई दर्याकडे तोंड करून उभी आहे, पाटी रिकामी, बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या. एवढ्या एका शॉटवर आपल्याकडचा प्रेक्षक ओळखतो की हिचा धनी अजून परतलेला नाही. अडीच सेकंदांत काम झालं. उरलेल्या वेळात दिग्दर्शकाने काय करायचं, हा खरा प्रश्न. त्याने तो वेळ पुन्हा नाचणाऱ्या रांगेवर आणि नारळाच्या झाडांवरच घालवला, तर तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण तो दिग्दर्शकाचा आळस झाला, त्याचं खापर संकेतावर फोडता येणार नाही.

‘मेड इन इंडिया’चा 1995 चा व्हिडिओ आठवून पाहा. दिग्दर्शक केन घोष, राजकन्येच्या वेषात गायिका अलिशा चिनॉय. एकामागून एक उमेदवार नाकारले जातात आणि शेवटी मिलिंद सोमण येतो तो शिक्का मारलेल्या लाकडी खोक्यातून. स्वयंवर आपल्याला लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे नकाराचे शॉट अगदी भराभर उरकता आले. लक्षात राहतं ते खोकं, कारण स्वयंवराच्या ओळखीच्या चौकटीत आयात-निर्यातीच्या मालाची वस्तू येऊन बसते आणि गाण्याचं शीर्षक एका चित्रात मावतं.

याच्या पलीकडच्या टोकाला बीस्टी बॉइज या अमेरिकन बँडचा ‘सॅबोटाज’ (1994, दिग्दर्शक स्पाइक जोन्झ). सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन पोलीस मालिकांची शीर्षकफीतच, म्हणजे सुरुवातीची नामावलीच, त्याने गाणंभर चालवली आहे. खोट्या मिशा, गच्च्यांवरून पळापळ, पडद्यावर बनावट नटांची आणि पात्रांची नावं. गुन्हा काय घडला हे शेवटपर्यंत कळत नाही आणि कळायची गरजही भासत नाही. तुम्ही म्हणता तसे तुकडेच आहेत, पण एकाच घराण्यातले, आणि गाळलेली मालिका प्रेक्षक स्वतः भरून काढतो.

आता जरा थांबून पाहण्याजोगं उदाहरण: मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’, 1983, दिग्दर्शक जॉन लँडिस, लांबी जवळपास 14 मिनिटं. सुरुवातीला जुना भयपट. रात्र, रानातला रस्ता, पेट्रोल संपलेली गाडी, पूर्ण चंद्र, आणि मुलाचं श्वापद होतं. मग कट: हे सगळं थिएटरच्या पडद्यावर चाललंय, तोच मुलगा खुर्चीत मजेत पॉपकॉर्न खातोय आणि शेजारची मुलगी घाबरून उठून निघालीय. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, सिनेमाच होता म्हणून. पुढे रस्त्यावर खरोखरीची प्रेतं उठतात, मुलगी एका घरात कोंडली जाते, आणि शेवटी स्वप्न ठरतं. पुन्हा सुटका. आणि अगदी अखेरीस तो कॅमेऱ्याकडे वळतो तेव्हा डोळे पिवळे. ‘सिनेमाच होता’ आणि ‘स्वप्नच होतं’ हे दोन्ही भयपटाचेच घासलेले साचे. लँडिस ते आधी पुरेपूर पाळतो आणि प्रेक्षक त्यांवर विसंबला की काढून घेतो. साचा टाळला असता तर काढून घ्यायला काही उरलंच नसतं.

इथे गाण्याची मोडतोड कशी केली आहे तेही पाहा, कारण हा भाग सहसा निसटतो. अल्बममध्ये पहिल्या अंतऱ्यानंतर ध्रुवपद येतं. व्हिडिओत तिन्ही अंतरे सलग, मुलीभोवती फिरत, तिला चिडवत म्हटले आहेत, आणि ध्रुवपद मुद्दाम रोखून धरलंय. भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइस याचं निवेदन अल्बममध्ये शेवटाला आहे, इथे ते मध्यावर, प्रेतं थडग्यांतून वर येताना. मग नाच नुसत्या वाद्यांवर. आणि प्रेत झालेल्या नायकाचा चेहरा पुन्हा माणसाचा होतो तेव्हा कुठे पहिल्यांदा ध्रुवपद फुटतं. कान ज्याची वाट पाहत होते ते नेमकं तिथे मिळतं. नायकाच्या लाल जाकिटाचंही तसंच: भोवतालची गर्दी मातकट आणि करडी, त्यामुळे रात्रीच्या लाँग शॉटमध्येही नजर नायकाला शोधत बसत नाही.

यातच तुमच्या ओठ हलवण्याच्या आक्षेपाचंही उत्तर आहे. तिथला गायक गोष्टीतलाच माणूस आहे, मुलीला घाबरवायला गातोय. गायकाला गोष्टीत असं काम देता येत नसेल तर त्याची जागा सरळ वेगळी ठेवावी: वेगळी खोली, वेगळा प्रकाश, वेगळी लेन्स, म्हणजे तो निवेदक आहे हे डोळ्यांना पटतं. विचका होतो तो अर्धवटपणामुळे. नायिका स्टेशनवर रडतेय आणि त्याच फलाटावर गायक तिच्याकडे न बघता गातोय, असं केलं की दोघेही खोटे वाटतात.

दुसरं कारण निव्वळ तांत्रिक आहे. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे तर कॅमेरा 50 फ्रेमवर ठेवतात, सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि फूटेज 25 वर चालवतात. चेहरा संथ दिसतो, ओठ मूळ गाण्याशी जुळतात. चुकतं ते प, फ, ब, भ, म या अक्षरांवर. दुप्पट वेगात गाताना ओठ पूर्ण मिटायच्या आतच पुढचं अक्षर येतं, आणि क्लोजअपमध्ये पहिल्यांदा तेच उघडं पडतं. त्यामुळे अख्खा अंतरा एका दमात न घेता ओळीओळीने घ्यावा, प्रत्येक ओळीआधी चार ठोके ऐकवावेत आणि मॉनिटरवर नजर याच अक्षरांवर ठेवावी. गायकाने मोठ्याने गायला हवं. नुसते ओठ हलवले की गळा आणि छाती स्थिर राहते आणि खोटेपणा लगेच कळतो. संकलनातही प्रत्येक कट नेमका ठोक्यावर टाकला तर दहाव्या शॉटपर्यंत डोळा कंटाळतो. काही ठोके मोकळे सोडावेत, आणि जिथे कापायचं तिथे एक-दोन फ्रेम आधी कापावं, म्हणजे ठोका पडताना नवं चित्र डोळ्यांत बसलेलं असतं.

राहिली आवाज बंद करून पाहण्याची कसोटी. ती मूकपटाला लावावी. म्युझिक व्हिडिओत निम्मी गोष्ट मुखडा पुन्हा येण्यात असते: शब्द तेच, पण दरम्यान चित्रात काहीतरी घडून गेलेलं. तुम्हाला न आवडलेला कुठलाही व्हिडिओ घ्या, आणि मुखड्याची पहिली ओळ जितक्या वेळा येते तितक्या वेळा थांबवून स्क्रीनशॉट काढा. तीन-चार निघतील. ते शेजारी शेजारी ठेवा. त्यांत काय तसंच राहिलं आणि काय बदललं हे एका वाक्यात सांगता आलं, तर त्या व्हिडिओत गोष्ट आहे. न आल्यास त्या व्हिडिओबाबत तुमचं म्हणणं मला मान्य. कोणता निवडलात ते खाली जरूर लिहा, त्यावर नेमकं बोलता येईल.