बाळ बघायला सगळे येतात

परवा शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी फॉरवर्ड टाकलं, परदेशात बायका बाळंत झाल्या की दुसऱ्या दिवशी कामाला लागतात, सव्वा महिन्याचे चोचले फक्त आपल्याकडे. त्यावर लगेच दुसरी पार्टी आली, आपली परंपरा, आपलं शास्त्र, डिंकाचे लाडू. मी सात वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, इथेच बाळंत झाले, आणि मला दोन्ही पार्ट्यांचा इतका राग आला की रात्री झोप लागेना.

कोण लागतं हो दुसऱ्या दिवशी कामाला? इथे बाळंतपणानंतर ४२ दिवस बाईला कामावर घेताच येत नाही, कायदा आहे. आणि आपल्याकडेही १९६१ च्या कायद्यापासून तेच आहे, सहा आठवडे. रजा तर आपल्याकडे जास्त, २०१७ पासून २६ आठवडे, इथे १६. अभिमानच बाळगायचा तर ह्याचा बाळगा ना. (शेतात, लोकांच्या घरी राबणाऱ्या बाईला कुठली आलीय भरपगारी रजा, पण ग्रुपवर तिचं कोणी नावच काढत नव्हतं.)

मला विचारायचंय ते वेगळंच, त्या सव्वा महिन्यात बाईकडे कोण बघतं?

माझ्याकडे आठ दिवस क्रामझोर्गची, म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीकडे बघणाऱ्या इथल्या सेवेची, बाई यायची. तिला वाकावं लागू नये म्हणून पलंग आधीच ठोकळ्यांवर चढवलेला. आली की पहिल्यांदा माझा ताप, नाडी, मग पोटावर हात ठेवून गर्भाशय किती खाली गेलंय ते, टाके, पॅड किती भिजलाय, आणि मग बाळाचं वजन. तिसऱ्या दिवशी वजन उतरलेलं बघून मी रडायला लागले, म्हटलं दूध पुरत नाहीये, पावडरचा डबा आणूया, तर ती म्हणाली पहिले काही दिवस थोडं उतरतंच, आधी ते छातीला कसं धरतंय ते बघू. बाळ नुसतं टोक ओढत होतं, तोंड मोठं उघडून भोवतालचा काळा भाग आत जायला हवा तो जातच नव्हता, म्हणून मला चिरा पडलेल्या आणि त्याचं पोट भरत नव्हतं. दोन दिवसांत जमलं. ओले लंगोट मोजायला तिनेच शिकवलं, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी हवेत.

आता भारतातलं बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दवाखान्यातली बाळंतपणं ८८.६ टक्के, आणि पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं ४१.८ टक्के. डॉक्टर, नर्स, सासू, आई सगळे हजर असताना निम्म्याहून जास्त बाळांना चीक वेळेत मिळत नाही. भांडायचं तर ह्यावर भांडा.

आणि आपल्याला येत नाही असंही नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जातात, बाळाबरोबर आईचीही चौकशी करतात, ते त्यातूनच आलंय. हे मी इथल्या बाईला छाती फुगवून सांगितलं. पण पुण्यात फ्लॅटमध्ये बाळंत झालेल्या माझ्या एकाही मैत्रिणीकडे कोणी आलं नाही, हेही मला माहीत होतं.

आई तेव्हा इथेच होती. मी असताना ही परकी बाई कशाला, असं तिचं चाललेलं. चौथ्या दिवशी ती बाई माझा पॅड बघत होती तर आई एकदम म्हणाली, "मला हे कोणी विचारलंच नाही गं." तिला माझ्या वेळी आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला होता, खालून घाण वास येत होता. शेक, धुरी, मालिश सगळं व्यवस्थित चालू होतं, आजीने काही कमी केलं नव्हतं, पण खालून काय जातंय हे विचारायची कोणाला सवय नव्हती आणि सांगायची आईला लाज. तीन दिवस तिने अंगावर काढलं, आणि त्या तीन दिवसांत बाळ बघायला माणसं येतच होती. ते बाळ म्हणजे मी. पस्तीस वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

आणि तरी, महिन्याभराने आई परत गेली तेव्हा मला आठवण कशाची यावी, तर शेगडीच्या त्या वासाची, मावशीच्या बाळंतपणात मी त्या खोलीत लोळायचे त्याची. आई तापाने फणफणली ती हीच खोली. हे ग्रुपवर लिहिलं तर म्हणतील आली शेवटी वळणावर, आणि इथे शेजारणीला सांगायचं तर सुरुवात कुठून करू.

माझ्या मामेबहिणीला नववा लागलाय. तिच्या नवऱ्याला मी लिहून पाठवलं, रोज सकाळी तिला विचार, तासाभरात पॅड पूर्ण भिजतोय का, ताप आहे का, डोकं खूप दुखतंय किंवा अंधारी येतेय का, एकच पोटरी सुजून दुखतेय का, यातलं एक जरी हो आलं तर लगेच दवाखाना गाठायचा. त्याने अंगठा पाठवला. मी रात्री परत उघडून बघितलं, नुसता अंगठाच. शेवटी आईला फोन केला, म्हटलं तू जा तिच्याकडे, आणि तुला काय झालं होतं ते तिला सांग.