शंख, चक्र आणि साडेचार हजार

आमच्या गल्लीत कल असा एकाचाच स्पष्ट आहे : कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाचा. २०१९ च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं, तेव्हा तो नदीच्या बाजूला जो झुकला तो अजून तसाच उभा आहे. बाकी कुणाचा कल कुणीकडे आहे हे विचारायची सांगलीत पूर्वी पद्धत नव्हती. आता आहे. आमची कन्या दहावीत गेली आणि दूधवाल्यापासून पुरोहितापर्यंत जो तो मला विचारू लागला, "मग? पोरीचा कल बघून घेतला का?" जणू चष्म्याचा नंबरच.

माझं स्वतःचं समुपदेशन १९९५ साली आयर्विन पुलावर झालं. मी काकांच्या सायकलवर डबलसीट होतो. काकांनी पुढं बघतच विचारलं, "किती पडले?"
"अठ्ठावन्न टक्के."
"कॉमर्स."
पूल निम्माही संपला नव्हता. त्या काळचा नियमच होता : पंच्याहत्तरच्या वर सायन्स, पन्नाशीच्या वर कॉमर्स, त्याखाली आर्ट्‌स आणि बोर्डानं पाडलंच तर मामाचं दुकान. त्या एका शब्दावर मी पंचवीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आपल्या आयुष्याचा निर्णय सायकल चालवता चालवता घेतला गेला ही खंत मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि कन्येच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

मधल्या काळात सरकारलाही आमची दया आली होती. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या पोरांची सरकारी कल चाचणी व्हायची. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य अशी क्षेत्रं, आणि त्यात एक 'गणवेशधारी सेवा'. माझ्या भाच्याच्या कागदावर नेमकी तीच आली. घरात आठवडाभर वाद. वडील म्हणाले पोलीस, आजोबा म्हणाले मिलिटरी, आई म्हणाली एस.टी.त कंडक्टर झाला तरी चालेल, गावात तरी राहील. आज तो मिरजेच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, टोपीला तुरा. चाचणी चुकली असं कुणाच्या तोंडानं म्हणणार?

नातेवाइकांचं समुपदेशन फुकट असतं, आणि ते टाळताही येत नाही. एका वास्तुशांतीला जिलेबीच्या पंगतीत मेहुण्यांनी कन्येला गाठलं. "डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दे. एकशेऐंशी प्रश्न, सातशेवीस मार्क. प्रश्नाला चार मार्क, सोपं आहे की!" स्वतः मेहुणे बारावीला केमिस्ट्रीत तीनदा बसले होते, पण अनुभवाचे बोल म्हणून आम्ही ऐकून घेतले. वहिनींनी 'इंटिग्रेटेड'चा आग्रह धरला. म्हणजे नाव एका कॉलेजात आणि शिकायचं भलत्याच क्लासला. माझ्या आईनं हे नीट समजून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लगीन एका घरात आणि नांदायचं दुसऱ्या घरात. चांगलं आहे बाई."

शेवटी विश्रामबागेतल्या एका समुपदेशन केंद्राची वेळ घेतली. "समुपदेशक म्हणजे काय रे?" आईनं विचारलं. मी सांगितलं. "उपदेशाला पैसे?" एवढंच म्हणून ती वाती वळायला लागली.

आत एसी, काचेचं टेबल, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र. डावा मेंदू निळा, उजवा केशरी. टाय बांधलेल्या सरांनी सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं मांडली. साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. मी मधलं उचललं, कारण दुकानात मी नेहमी मधलंच उचलतो. साडेचार हजार.

गोल्डमध्ये प्रश्न विचारत नाहीत, दहा बोटांचे ठसे घेतात. सरांनी शास्त्र समजावलं : बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, मेंदूही त्याच काळात घडत असतो, म्हणून बोटं बघितली की मेंदू कळतो. मी मान डोलावली. घरी परत येताना पुष्पराज चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा लक्षात आलं, नाकसुद्धा त्याच काळात तयार होतं की! पण नाक बघून अजून कुणी कुणाला इंजिनिअर केलेलं नाही. देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय, हेही मला कळलं. पण पावती खिशात पडल्यावर.

तर ठसे. कन्येनं अंगठा टेकवला आणि मशीन बंद पडलं. सर वायर काढत होते, घालत होते, मशीनवर फुंकर मारत होते. पाच मिनिटांनी कन्या म्हणाली, "सर, मी बघू का?" तिनं वायर कॉम्प्युटरच्या मागच्या खोबणीत घातली, पडद्यावर कसलीशी जुनी फाइल काढून टाकली, पुन्हा चालू केलं. लाल दिवा हिरवा झाला. "थँक यू बेटा," म्हणून सरांनी तिची दहाही बोटं तपासली. मी तेव्हा पंख्याकडं बघत होतो. एसी असताना पंखा कशाला, हा विचार करत होतो.

मग नमुना म्हणून पालकांचेही ठसे घ्यायचे होते. माझा एकही उमटेना. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही. पंचवीस वर्षं हळदीची पोती चाचपून आणि वह्यांची पानं उलटून रेषा गुळगुळीत झाल्यात. सर गंभीर झाले. मेंदू आहे की नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

घरी आल्यावर आईनं नातीचे हात उजेडात धरले. "सहा चक्रं, चार शंख. चक्र जास्त असलं की माणूस कुणाचं ऐकत नाही. तुझ्या आजोबांना नऊ होती." सव्वा मिनिटात गोल्ड पॅकेज आटोपलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. अडतीस पानं, गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत वर्तुळं. कन्येनं मोठ्यानं वाचायला घेतलं. "आपला मुलगा संवेदनशील असून त्याला निसर्गाची ओढ आहे. पप्पा, मी मुलगा आहे." पुढं कळलं की शेजारच्यांच्या चिरंजीवांनाही निसर्गाची ओढ आहे, शब्दाला शब्द तेवढीच. त्या चिरंजीवांना आम्ही चार वर्षांत मोबाइलवरून मान वर करताना पाहिलेलं नाही. कन्येचा तांत्रिक कल निघाला अकरा टक्के.

आमच्याकडं यार्डात हळद पॉलिश करून येते. ड्रममध्ये फिरवली की कुठलंही हळकुंड चकाकतं. म्हणून सौद्याला मुरलेला व्यापारी वरच्या पिवळेपणावर जात नाही. तो ढिगातून दोन हळकुंडं उचलतो, कटकन मोडतो, आवाज ऐकतो आणि आतला केशरी रंग बघतो. मोडल्याशिवाय भाव नाही. पोरांच्या बाबतीत ही सोय नाही. तरी पोरं मोडून बघणारे पालक मी यार्डापेक्षा क्लासच्या दारात जास्त बघितलेत.

कन्येच्या शाळेत एक बाई आहेत. समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. जिन्याखालच्या खोलीत बसतात, एका बाजूला नकाशांच्या गुंडाळ्या, दुसऱ्या बाजूला लेझीम. पॅकेज नाही. त्यांनी कन्येला तासभर बोलतं केलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. नंतर आत बोलावून म्हणाल्या, "आवड वेगळी, जमतं ते वेगळं, आणि घरच्यांची हौस तिसरी. तिन्ही एका पातेल्यात घालू नका." घरातलं मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर कोण दुरुस्त करतं, हे त्यांना एका तासात कळलं होतं. मी त्या घरात पंधरा वर्षं राहतोय.

मग त्यांनी दहावीनंतरच्या डिप्लोमाचं सांगितलं. तीन वर्षं तंत्रनिकेतन, मग हवं तर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला. अकरावीलाच जायचं तर २०२५ पासून सगळ्या राज्यात प्रवेश ऑनलाइन आहे, दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येते. तेव्हा घाई नको, अजून वर्ष आहे. डिप्लोमाची बातमी घरी पोचायच्या आत मेहुण्यांचा फोन आला. "डिप्लोमा? का हो, मार्क कमी पडणारेत का?" आवाज असा, की आजारी माणसाची चौकशी करतोय.

निघताना बाईंनी एक प्रश्नावली दिली. हॉलंड नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या आवडीचे सहा प्रकार पाडलेत, त्यावरची. कन्येनं ती वीस मिनिटांत भरली. एक कोरी प्रत जादा आली होती. रात्री सगळे झोपल्यावर मी ती स्वयंपाकघरात नेली.

खोटं बोललो नाही. 'आकड्यांच्या रकान्यांत काम करायला आवडतं का?' हो. 'वस्तू जागच्या जागी लागतात का?' हो. 'नव्या कल्पनेपेक्षा ठरलेली पद्धत बरी वाटते का?' हे काय विचारणं झालं? गुण मोजले, दोनदा ताळा करून पाहिला. उत्तर आलं : नेमस्त, हिशेबी. योग्य व्यवसाय : लेखापाल, रोखपाल, हिशेबनीस.

म्हणजे काका बरोबर होते. तेही सायकलवर. पंचवीस वर्षं जपलेली खंत अशी एका कागदावर गेली, आणि आता रिकाम्या वेळात करायचं काय हा प्रश्न उभा राहिला.

बायको पाणी प्यायला उठली. कागद बघून म्हणाली, "अहो, हे मला विचारायचं की! लग्नाच्या आहेराच्या पाकिटांची यादी तुम्ही पहिल्या रात्री करत बसला होता."

ती झोपायला गेली. मी घरखर्चाची वही उघडली, कारण साडेचार हजार अजून कुठं टाकले नव्हते. शिक्षण? तसं म्हणवेना. करमणूक? मनाला पटत होतं, पण वही कन्याही वाचते. 'किरकोळ'मध्ये एवढी रक्कम शोभत नाही. शेवटी 'देवधर्म' खात्यावर टाकले; शंख आणि चक्र दोन्ही होतेच. बेरीज मारली तर वीस रुपये जुळेनात. पुन्हा वरून खाली, मग खालून वर. बारा वाजले, साडेबारा वाजले. पाऊण वाजता सापडले : विश्रामबागेतून येताना घेतलेली भडंगाची पुडी. लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि दिवा मालवला.