आग्वादच्या गजांआड प्री-वेडिंग

सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याच्या प्री-वेडिंगचा व्हिडिओ आला. गोव्यातला आग्वादचा तुरुंग. ड्रोन, समुद्र, उडणारा गाऊन, सगळं यथासांग. मग आमचे भाचेराव गजांआड, नवरी बाहेर, आणि दोघांच्या मनगटांत एकच प्लॅस्टिकची हातकडी. खाली अक्षरं: 'जन्मठेप मंजूर!' ग्रुपवर बदामांचा पाऊस. मीही मामा म्हणून एक अंगठा टेकवला. तेव्हापासून डोकं तापलंय.

त्याच तुरुंगात माझे आजोबा होते. म्हणजे त्याचे पणजोबा. डिचोलीकडे मराठी शाळेत मास्तर. 1955 साली घरात पत्रकं सापडली म्हणून पाखल्याच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, पोलिसांनी उचललं. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एवढंच म्हणायचे, "दर्या रात्रभर कानाशी असायचा, पण डोळ्यांना कधी दिसला नाही."

आता तिथे सगळे दर्याच बघायला जातात. सनसेट पॉइंट म्हणे!

या वास्तूने तरी काय काय बघावं? 1612 मध्ये डचांच्या भीतीने किल्ला उभा राहिला. लिस्बनच्या जहाजांना पाणी पाजलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत खालच्या बाजूला स्वातंत्र्य मागणारे कोंडले. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना 1946 साली इथल्याच अंधारकोठडीत टाकलं आणि मग थेट पोर्तुगालला, पेनिशच्या तुरुंगात धाडलं. गोवा मुक्तीनंतर आपण तिथेच चोर-दरोडेखोर ठेवले. 2015 ला कैदी कोलवाळच्या तुरुंगात हलवले, डागडुजी झाली आणि 2021 च्या मुक्तिदिनी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून उद्घाटन झालं. आणि आता हा गाऊन.

बरं, मान्य. डागडुजी चांगली झाली आहे. कैदी होते तोवर आपल्याला आत कोण सोडत होतं? आज कोठड्या बघता येतात, माहिती वाचता येते. देखभालीला पैसा लागतो, तो पर्यटकांकडूनच येणार, हेही कळतं. पण स्मारकात पैसा कशाकशातून काढायचा याला काही धरबंध? उद्या पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर संगीत ठेवाल!

आजोबांचंच सांगतो. मी शाळेत असताना सगळं घर एकदा किल्ला बघायला गेलं होतं. वर दीपगृहापाशी सगळ्यांनी डबे उघडले. आजोबा गाडीतच बसून राहिले, तुरुंगाच्या बाजूची काच वर करून. आजीने पोळी-भाजी नेऊन दिली तर म्हणाले, "घरी जाऊन जेवतो." लहानपणी मला तो हट्टीपणा वाटायचा. तो माणूस त्या भिंतीकडे बघून घास गिळू शकत नव्हता, आणि आपण तिथे 'जन्मठेप मंजूर' लिहितो. जन्मठेप म्हणजे काय ते गोवा मुक्तिलढ्यातल्या मोहन रानड्यांना विचारायला हवं होतं. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच. सुटले 1969 ला. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांसारखा माणूस झटत होता. आज किती पोरांना रानड्यांचं नाव माहीत आहे?

पोराला तरी काय बोलणार म्हणा. त्याला कुणी सांगितलंच नाही. घरात आजोबांचा ताम्रपट कपाटावर, त्याच्यापुढे चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटोळी बांधायचं सामान. फोटोवाल्याने 'लोकेशन भारी आहे' म्हटलं, हा गेला. मुलगी गुणी आहे, तिचाही काही दोष नाही. फोटो छान आलेत, हेही लिहून टाकतो.

पण ती हातकडी! ती कुणाला तरी सुचली, कुणीतरी विकत आणली आणि तिथल्या एकाही माणसाला 'अरे, इथे नको' म्हणावंसं वाटलं नाही. राग त्याचा आहे.

एवढं लिहीपर्यंत ताईचा मेसेज आलाच: 'पोस्ट काढ, व्याही वाचतील.' वाचू देत. काढणार नाही. लग्नाला येणार, जेवणारही पोटभर. फक्त हॉलच्या पडद्यावर तो व्हिडिओ लावलात तर मी माईक मागून घेईन, आत्ताच सांगून ठेवतो.