दिकेमची गोड वाईन, 1847 ची शिकार आणि एक फिरता मेसेज

माझा भाचा पिंपळगावला द्राक्षबाग करतो. परवा त्यानं एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं का?" मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: फ्रान्समधल्या 'शातो दिकेम' या वाईनच्या वाड्याचा मालक 1847 साली रशियाला शिकारीला गेला. जाताना हुकूम सोडला, मी आल्याशिवाय तोडणी नाही. तो परतेपर्यंत सगळी द्राक्षं सडली. नोकरांनी भीत भीत त्या सडक्या द्राक्षांचीच वाईन केली आणि ती जगातली सगळ्यात महाग गोड वाईन ठरली. तेच घराणं आजही ती साखर घालून करतं आणि एका वेलीपासून फक्त एक ग्लास काढतं. शेवटी टोमणा: "आपला शेतकरी मात्र सडका माल फेकून देतो!" त्यापुढे हात जोडलेली तीन चित्रं.

यातली एक गोष्ट खरी आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी शिकार.

1847 साली दिकेमचा कारभार कुणा शिकारी मार्कीकडे (मार्की म्हणजे तिथला सरदार) नव्हताच, एका म्हाताऱ्या बाईकडे होता. तिचं नाव फ्रान्स्वाज-जोझेफीन द सोव्हाज दिकेम. ही जहागीर तिच्या माहेरची. तिच्या पूर्वजाला, जाक सोव्हाजला, 1593 मध्ये तिथले हक्क मिळाले होते. 1785 मध्ये तिचं लग्न ल्यूर-साल्यूस घराण्यातल्या काउंटशी झालं आणि तीनच वर्षांत नवरा घोड्याच्या अपघातात गेला. विशीतली विधवा, पदरी मुलं, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती. तिला दोनदा तुरुंगात टाकलं, तरी जहागीर तिनं सोडली नाही. 1826 मध्ये तिनं वाईनसाठी नवं कोठार बांधलं. ती 1851 मध्ये वारली, त्यानंतर नातू रोमँ-बेर्त्राँ गादीवर आला. मेसेजवाल्यांनी या बाईला साफ पुसून टाकलं आणि तिच्या जागी बंदूकवाला मालक उभा केला. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

शिवाय ही 'चुकून उशीर झाला' गोष्ट एकट्या दिकेमची नाही. शेजारच्या 'ला तूर ब्लाँश'मध्ये सांगतात की 1836 साली फॉक नावाचा मालक पाऊस थांबायची वाट बघत बसला आणि द्राक्षं सडली. जर्मनीतल्या योहानिसबेर्गमध्ये 1775 साली तोडणीचा परवाना आणणाऱ्या घोडेस्वाराला उशीर झाला. हंगेरीच्या टोकाईत लढाईच्या भीतीनं एका पाद्र्यानं तोडणी लांबवली. गोष्ट एकच, नवरदेव वेगळे.

कागद काय सांगतात? 1666 च्या ऑक्टोबरमधला एक करार आहे, सोव्हाज घराणं आणि त्यांचे कुळवाडी यांच्यातला. त्यात म्हटलंय की या भागात तोडणी 15 ऑक्टोबरच्या सुमारास करायची रीत आहे आणि वाईनचं नाव खराब होऊ नये म्हणून ती पाळायची. म्हणजे त्या 'अपघाता'च्या 181 वर्षं आधी इथं उशिरा तोडणीची रीत कागदावर आलेली होती. थॉमस जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होता, तेव्हा 1787 साली त्यानं दिकेमच्या 1784 च्या वाईनच्या 250 बाटल्या मागवल्या. तीही 1847 च्या कितीतरी आधीची.

मग रशिया कुठून आला? धूर निघाला तो इथून: झार दुसऱ्या अलेक्झांडरचा भाऊ, ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन, यानं 1859 मध्ये 1847 च्याच वाईनचा एक 'तोनो' घेतला. तोनो म्हणजे चार पिंपं, साधारण 900 लिटर. त्याचे मोजले 20 हजार सोन्याचे फ्रँक. या सौद्याचा डंका युरोपभर वाजला. साल 1847, माणूस रशियन, दोन्ही खरं. शिकार नंतर कुणीतरी घातली.

साखरेचं आता. आपल्याकडे गोड वाईन म्हटलं की वरून साखर ओतली असं लोक धरूनच चालतात. दिकेममध्ये साखर बाहेरून येत नाही, मण्यातलं पाणी जातं. तिथली बुरशी बोट्रायटिस, म्हणजे आपल्या बागेतली करडी बुरशी. तिचे तंतू सालीला बारीक बारीक भोकं पाडतात, त्यातून पाणी उडतं. मणी आधी सोनेरी, मग जांभळट तपकिरी, मग सुरकुतून बेदाण्यासारखा होतो. वर राखेसारखी लव. हातात घेतला तर किळस यावी असा. फ्रेंच लोक त्या अवस्थेला 'रोती' म्हणतात, भाजलेला. रसात तेव्हा इतकी साखर असते की सगळी आंबली तर 20-22 टक्के अल्कोहोल व्हावं. पण यीस्ट 14 टक्क्यांच्या आसपास दमतं. उरलेली साखर, लिटरला 120 ते 150 ग्रॅम, तशीच वाईनमध्ये राहते.

आणि बुरशी फक्त पाणी घालवत नाही, वासही बदलते. अशा वाईनमध्ये सोटोलॉन नावाचं द्रव्य असतं. तेच द्रव्य मेथीच्या दाण्यांना त्यांचा वास देतं. लाडवासाठी मेथी तुपात परतताना घरभर जो कडवट-गोड, काकवीसारखा वास सुटतो, तो आठवा. वाईनचे जाणकार जर्दाळू, केशर, संत्र्याचा मुरांबा अशी यादी देतात. त्यात मेथी घालायला आपल्याला कुणाची परवानगी नको.

एका वेलीचा एक ग्लास, हे मात्र खरं. दिकेमला हेक्टरी सरासरी 9 हेक्टोलिटर वाईन निघते, म्हणजे 900 लिटर. हेक्टरी वेली सुमारे साडेसहा हजार. भागाकार करा, वेलीमागे 140 मिली येतात. दिकेम ज्या भागात आहे त्या सोतेर्नच्या कायद्यानं हेक्टरी 25 हेक्टोलिटरची मुभा आहे, त्याच्या निम्म्यालाही हे पोचत नाहीत.

'तेच घराणं आजही', हे खोटं. लुई व्हितॉंवाल्या एलव्हीएमएच कंपनीनं 1996 पासून हिस्सा घ्यायला सुरुवात केली आणि 1999 मध्ये ताबा मिळवला. घराण्यातच भाऊबंदकी होती, काहींनी विकलं, काही अडून बसले. अलेक्झांडर द ल्यूर-साल्यूस 2004 पर्यंत कारभार बघत होते, मग तेही पायउतार झाले.

राहिला तो टोमणा. भाच्याला खरं तर एवढंच विचारायचं होतं: अवकाळीत सडलेल्या घडांचं काही होईल का?

होणार नाही. बुरशी एकच असली तरी दिकेमची हवा वेगळी. सिरों नावाची छोटी नदी झाडांच्या सावलीतून थंडगार वाहत येते आणि कोमट पाण्याच्या गारोन नदीला मिळते. त्यामुळे शरद ऋतूत पहाटे धुकं धरतं, बुरशीला ओल मिळते. दुपारी ऊन आणि वारा, मणी सुकतो. ओल टिकून राहिली की हीच बुरशी घड कुजवते, तिथंही. आपल्याकडे काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की मणी तडकतात, रस बाहेर येतो, चिलटं जमतात, बागेत आंबट वास सुटतो. ते व्हिनेगरच्या वाटेनं निघालेलं असतं. वर खायच्या थॉमसन द्राक्षावर आधीच किती फवारण्या झालेल्या. नाशिकमध्ये उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षांची गोड वाईन होते, पण ती निरोगी, जास्त पिकलेल्या मण्यांची. तिचा या बुरशीशी संबंध नाही.

आणि फेकून देण्याचं म्हणाल तर दिकेमवाल्यांइतकं कुणी फेकत नसेल. दीडशेच्या आसपास माणसं सहा-सहा आठवडे एकाच बागेतून पाच-सहा फेऱ्या मारतात. घड अख्खा तोडत नाहीत. कात्रीच्या टोकानं नेमका सुरकुतलेला मणी काढायचा, बाकीचे पुढच्या फेरीला ठेवायचे, वाईट कुजलेला खाली टाकायचा. मध्येच पाऊस आला की सगळे घरी. एवढं करूनही पिंपातली वाईन मनाजोगी नसेल तर त्या वर्षी दिकेमच्या नावानं बाटली भरत नाहीत. विसाव्या शतकात असं नऊ वेळा झालं: 1910, 1915, 1930, 1951, 1952, 1964, 1972, 1974 आणि 1992. त्यानंतर 2012. म्हणून भाच्याला सांगून ठेवलंय, कुणी 2012 ची दिकेम दाखवली तर बूच उघडून वास घेण्याचीही गरज नाही.