लाल टोपण की नारिंगी टोपण?

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला वेगवेगळ्या ग्रुपांवरून सतत येतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शुगरच्या गोळ्या वर्षानुवर्षं त्याच असतात, जिथे सवलत मिळेल तिथून मागवा. फार्मासिस्ट म्हणजे चिठ्ठी बघून स्ट्रिप काढून देणारा दुकानदार, त्याला सल्ला द्यायचा अधिकारच नाही. आणि त्यांच्या संघटना फक्त बंद पुकारायला असतात.

मी 26 वर्षं तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे आणि त्यातली बरीचशी संघटनेच्या कामातही गेली. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

"गोळ्या त्याच असतात." नाही, नसतात. गुडघेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलं की चिठ्ठीत स्टेरॉइड येतं आणि शुगर चढते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर ग्लिमेपिराइड हे शुगर उतरवणारं औषध दोन वेगळ्या ब्रँडच्या नावांनी येतं, पेशंट दोन्ही घेतो आणि दुपारी घाम फुटून चक्कर येते. व्होग्लिबोज असलेली गोळी तर आपल्याकडे सर्रास दिली जाते. ती घेणाऱ्याची शुगर उतरली आणि घरच्यांनी चमचाभर साखर तोंडात घातली, तर ती लवकर लागू पडत नाही. कारण साखरेचं ग्लुकोज व्हायची क्रियाच ही गोळी मंदावते. अशा वेळी ग्लुकोज पावडरच हवी. हे स्ट्रिपकडे बघून कोणाला कळणार आहे? गोळी देताना कोणीतरी तोंडाने सांगावं लागतं.

"फक्त स्ट्रिप काढून देतो." इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे वाचलं की मला एक आजोबा आठवतात.

मिश्र इन्सुलिनची बाटली न्यायला ते दर महिन्याला यायचे. एकदा म्हणाले, "ताई, डॉक्टरांनी डोस वीसचा सव्वीस केला, तरी शुगर तीनशेच्या खाली येईना." पथ्य नीट, वेळा नीट, बाटली फ्रीजच्या दारात. मी म्हटलं, "आजोबा, उद्या येताना सिरिंज घेऊन याल का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सिरिंज काढली. नारिंगी टोपण.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या 40 च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 च्या इन्सुलिनसाठी असते. नातवाने शहरातून येताना चांगली बारीक सुई म्हणून ती आणली होती. त्या सिरिंजवर 20 च्या रेघेपर्यंत भरलं की 0.2 मिलिलिटर येतं, आणि 40 च्या बाटलीतले तेवढे म्हणजे फक्त 8 युनिट. आजोबा वीस घेतोय समजून आठ घेत होते, डोस सव्वीस झाल्यावरही जेमतेम दहा. हेच उलटं झालं असतं, इन्सुलिन पेनमध्ये बसवतात त्या 100 च्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने काढलं असतं, तर विसाच्या जागी 50 युनिट अंगात गेले असते. त्यात माणूस झोपेतून उठेलच असं नाही.

मी नुसती सिरिंज बदलून दिली नाही. डोस सव्वीसवर गेला होता, योग्य सिरिंजने तेवढा एकदम देणं धोक्याचं होतं. म्हणून आजोबांसमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस पुन्हा वीसवर आणला आणि चार दिवसांनी तपासणी लिहून दिली. डॉक्टरांची यात काही चूक नव्हती. त्यांच्या टेबलावर सिरिंज कधी आलीच नव्हती.

"सल्ला द्यायचा अधिकार नाही." डोस वाढवायचा, कमी करायचा, गोळी बंद करायची, हा अधिकार खरंच आमचा नाही आणि तो कोणी घेऊ नये. पण औषध कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही, हे सांगणं आमचं कामच आहे. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हे 1948 च्या फार्मसी कायद्यात आहे. रुग्णाचं समुपदेशन 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या अ‍ॅशव्हिल शहराने 1996 मध्ये आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षित फार्मासिस्टांशी जोडून दिलं आणि त्या भेटींचे पैसे फार्मासिस्टांना दिले. कर्मचाऱ्यांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, सुधारली, आजारपणाच्या रजा घटल्या, उपचारांचा एकूण खर्चही उतरला. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेहाचे 10.1 कोटी लोक आहेत. एवढ्या सगळ्यांना प्रत्येक गोष्ट डॉक्टरांनीच समजावायची म्हटलं, तर त्यांना दिवस पुरणार नाही.

"संघटना फक्त बंद पुकारतात." 28 सप्टेंबर 2018 ला ऑनलाइन विक्रीविरुद्ध देशभर बंद झाला, तेव्हा मीही शटर खाली ठेवलं होतं. ते मी नाकारत नाही. पण इन्सुलिन पेन लावायची नीट पद्धत मी कॉलेजात नाही, संघटनेच्या एका रविवारच्या वर्गात शिकले. आधी दोन युनिट हवेत सोडून सुई चालू आहे ना ते बघायचं, टोचल्यावर बटण दाबून धरत दहापर्यंत मोजायचं. तोवर दहा वर्षं मी पेन विकत होते आणि हे कोणाला सांगत नव्हते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. उन्हाळ्यात एका वितरकाकडून इन्सुलिन बर्फाच्या पिशव्यांशिवाय यायचं. मी एकटीने तक्रार केली की फोन ठेवून द्यायचे. संघटनेच्या लेटरहेडवर पत्र गेलं आणि पुढच्याच आठवड्यापासून थर्माकोलचा डबा यायला लागला. 14 नोव्हेंबरचा मधुमेह दिन आणि त्याच महिन्यातला फार्मसी सप्ताह, यांत आम्ही सिरिंज तपासणी ठेवतो. लोक घरची सिरिंज आणि बाटली घेऊन येतात, आम्ही जोडी जुळते का ते बघतो. दरवर्षी कोणाची ना कोणाची जुळत नाही.

सवलतीचं म्हणाल तर जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या, फक्त बिल घ्या, आणि इन्सुलिन थंड आलं का ते हात लावून बघा.

मेसेजमधला एक भाग मात्र मला मान्य आहे. काही दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं असतं आणि औषध देतो दुसराच, कालपरवा लागलेला पोरगा. हे चालू आहे आणि त्याविरुद्ध आमच्या बैठकीतही आवाज चढतात. नियमाप्रमाणे फार्मासिस्टच्या अंगावर पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा. तो दिसला नाही तर "फार्मासिस्ट कोण आहेत, मला त्यांच्याशी बोलायचंय," असं सरळ विचारा. आणि जाताना घरातली सिरिंज पिशवीत टाकून न्या.